उसनं करडू

दिवस कासराभर वर आला होता आणि गवतावरचं दहिवर नुकतं वाळलं होतं, नेमक्या त्या वेळी कोतवाल पक्षी बोरीच्या शेंड्यावर येऊन बसला आणि त्याने सांगितलं, की थोरल्या टेकडीने मेळ सोडला.

त्या मुलखात पाच टेकड्या होत्या. प्रत्येक टेकडीवर लांबलांबची पिल्लं शिकायला येत. कोणता पाला खायचा, कोणता नुसता हुंगून सोडायचा, पाणी कुठल्या अंगाला मुरतं, लांडग्याचा वास वाऱ्यावर कसा ओळखायचा, हे सगळं तिथे शिकवत. शिकता शिकता पिल्लं खेळतही. आणि गवत पिवळं पडायला लागल्यापासून पहिल्या पावसापर्यंत पाचही टेकड्यांची पिल्लं मधल्या पठारावर जमत. करडं पळत, बांधावरून उड्या घेत, कोकरं टकरा देत, खारी झाडं चढत, बेडूक लांब उडी मारत, खेकडे एकमेकांना ओढत. याला मेळ म्हणत. तो कुणी सुरू केला हे कुणाला आठवत नव्हतं, आणि आठवावं असं कधी वाटलंही नव्हतं.

मेळाची एक रीत होती. एखाद्या टेकडीला एखादं पिल्लू कमी पडलं, कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं पोट बिघडलं, तर शेजारची टेकडी आपलं पिल्लू उसनं देई. उसनं पिल्लू त्या दिवसापुरतं घेणाऱ्याचं. मग ते आपल्या स्वतःच्या टेकडीविरुद्धसुद्धा जीव तोडून पळे, आणि जिंकलं तर जिंकणं घेणाऱ्यांच्या नावावर. त्याची आई कडेला उभी राहून आपल्याच टेकडीच्या हरण्याला मान हलवून दाद देई. आणखी एक होतं. उसनं मागायला आलेल्याला ‘कशाला हवंय’ असं विचारायचं नाही. तसं विचारणं फार हलकं समजत.

मेळ बघायला पाखरं येत. पठाराच्या कडेच्या झाडांवर बसत, कलकलाट करत. जिथे पाखरं बसतात तिथे त्यांची घाण पडते, आणि जिथे ती पडते तिथे पुढच्या साली गवत दाट येतं. टेकड्यांचं निम्मं पोट त्यावर चालत होतं. पण हे बोलून दाखवायची पद्धत नव्हती. सगळे म्हणत, पाखरं बिचारी हौसेने येतात.

आता थोरली टेकडी गेली होती नदीकाठच्या मोठ्या मैदानावर. तिथे एका वळूची सत्ता होती. तिथल्या अर्जुनाच्या उंच झाडांवर करकोचे, बगळे, कुठले कुठले थवे उतरत आणि त्यामुळे तिथलं गवत शेळीच्या पाठीला लागे म्हणत. थोरलीची करडं सगळ्यांत चपळ. ती गेली म्हणजे तिच्या मागे पाखरंही जाणार, हे लहान सशालाही कळत होतं.

“थोरलीवाले जाताना बोललेसुद्धा नाहीत,” एक मेंढी म्हणाली.

“बोलले असते तर जाता आलं असतं का?” खेकडा म्हणाला. हा खेकडा करवंदीच्या टेकडीवरचा, ओहोळात राहणारा. त्याची जीभ सरळ होती, चाल तेवढी तिरकी.

करवंदीच्या टेकडीचा कारभारी एक एडका होता. वाईट नव्हता. त्याच्या शिंगांना दीड वेढा होता आणि टेकडीची काळजी करून करून त्याची लोकर मानेवर विरळ झाली होती. कोतवालाने त्याला बाजूला नेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. वळू अजून एक टेकडी घेणार आहे. एकच. ज्यांना यायचंय त्यांनी चार करडं घेऊन पुढच्या अमावास्येच्या आत मैदानावर पळून दाखवावं.

“आणि आमचे बेडूक? खारी?” कारभाऱ्याने विचारलं.

“अर्जुनाच्या शेंड्यावरून बेडूक दिसतो का, कारभारी?” कोतवाल म्हणाला. “पाखरांना जे वरून दिसतं, तेवढंच वळू ठेवतो. पळणं दिसतं.”

या टेकडीवर काबरी नावाची एक शेळी होती. वयाने लहान, पहिलटकरीण. तिचं करडू ठिपकी. ठिपकी जन्मली ते साल कोरडं होतं, काबरीला दूध पुरेसं आलं नाही, आणि ते तिच्या मनात कायमचं बसलं होतं. ठिपकी खोकली की काबरी तोंडातला घास टाकून तिच्याकडे धावे. ठिपकीने एखादा घास टाकला तर काबरी तो हुंगून बघे, गवत वाईट आहे की पोर. झोपलेल्या ठिपकीच्या नाकाशी ती तोंड नेई, श्वास लागतो का बघायला.

त्या टेकडीवर उताराचा एक तुकडा राखून ठेवलेला होता. तिथलं गवत मऊ आणि दाट. खेळणाऱ्या पिल्लांनीच तिथे चरायचं, असा नियम होता. ठिपकी बांधावरून उडी घ्यायच्या खेळात होती. पळायला जेमतेम, पण उडी घेताना पुढचे पाय असे काही आवळून घेई की बघणाऱ्याला वाटे हिला जड असं काही नाहीच. त्या उडीमुळे तिला ते कुरण मिळालं होतं. कुरणामुळे तिच्या फासळ्या झाकल्या होत्या. काबरीच्या मनात या तीन गोष्टींची एकच गाठ होती. उडी गेली की कुरण गेलं, कुरण गेलं की पोर गेली.

म्हणून कारभारी तिच्याकडे आला तेव्हा ती आधीच उभी होती.

“काबरे, वळूकडे फक्त पळणारीच ठेवायची. बांधावरची उडी बंद होणार,” तो म्हणाला.

“म्हणजे माझ्या ठिपकीचं कुरण…”

“ऐक तर. पळणारी आपल्याकडे तीनच आहेत. चौथं नाव मी ठिपकीचं लावतो. एकदा तिकडे गेलो की ती पळणाऱ्यांत. कुरण काय, नदीचं गवत मिळेल तिला.”

काबरीचे कान ताठ झाले. मग खाली आले. “तिच्या पळण्यावर वळू भुलायचा नाही, कारभारी. मी आई आहे म्हणून सांगते.”

“तेही मला माहीत आहे. म्हणून त्या दिवसापुरती मुरमाच्या टेकडीवरची भिंगरी उसनी आणायची. ढवळीची पोर. ढवळी तुझी मैत्रीण ना?”

“एका ओढ्यावर वाढलो आम्ही.”

“मग माग तिच्याकडे.”

“आणि ती म्हणाली, कशाला हवी, तर?”

कारभाऱ्याने तिच्याकडे न बघता मातीत खूर घासला. “ती विचारेल?”

काबरीने खिंडीकडे बघितलं. मग म्हणाली, “नाही.”

“मग झालं तर.”

मुरमाची टेकडी जवळच होती, एक खिंड ओलांडली की आलीच. पाचांत ती सगळ्यांत उघडी. तांबडा मुरूम, मधूनमधून हिवराची झाडं आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. तिथली पिल्लं काटक असत. खायला कमी म्हणून हिंडायची जास्त, आणि हिंडून हिंडून पळायला शिकलेली.

ढवळी हिवराखाली शेंगा गोळा करत होती. काबरीला बघून ती ओरडलीच, “अगं बाई! आज दिवस कुणीकडे उगवला? करवंदीच्या शेळ्यांना आमचा मुरूम खुरात टोचतो ना?”

“टोचतोच,” काबरी म्हणाली. “म्हणून तर इतके दिवस आले नाही.”

“ये, ये. ठिपकी कशी आहे? खोकला?”

“कमी आहे.”

“अजून नाकाशी तोंड नेऊन बघतेस का गं तिचा श्वास? बघतेस ना? तोंडावरून दिसतंय. अगं, पोरं मरत नाहीत अशी आपण झोपलो म्हणून.” ढवळी हसली. काबरीलाही हसावं लागलं.

मग काबरी म्हणाली, “भिंगरी हवी होती. उसनी.”

ढवळीने शेंगा गोळा करणं थांबवलं नाही. “कधी?”

“उद्याच.”

“ने की.”

एवढंच. तिने मान वर करून ‘का’ असं बघितलंसुद्धा नाही. काबरी उभीच राहिली. आता विचारील, मग विचारील, असं तिला वाटत होतं, आणि विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, हेही तिला वाटत होतं. न विचारता सांगावं असं मात्र तिच्या तोंडातून निघालं नाही. जीभ एकदा टाळ्याला लागली आणि परत खाली गेली.

ढवळीने लेकीला हाक मारली. भिंगरी आली ती पळतच आली, थांबायच्या आधी स्वतःभोवती एक फेरी मारून.

“भिंगरे, उद्या तू करवंदीची. मावशीच्या मागून जा. नीट पळ. उसनी गेलेली ढवळीची पोर टंगळमंगळ करते असं माझ्या कानावर यायला नको.”

“आपल्या टेकडीविरुद्ध पळायचंय का?” भिंगरीने विचारलं.

“ए, असं विचारतात का?” ढवळी तिच्यावर डाफरली, आणि काबरीकडे वळून म्हणाली, “पोर आहे, मनावर घेऊ नकोस.” मग तिने गोळा केलेल्या शेंगांतल्या बऱ्याचशा काबरीपुढे ढकलल्या. “ठिपकीला ने. अंगी लागतात.”

काबरीने त्या नेल्या. नाही म्हणणं जमलं नाही, आणि ठिपकीला त्या आवडायच्या.

मोठं मैदान खरोखर मोठं होतं. त्याचं दुसरं टोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघावं लागे. अर्जुनाच्या झाडांवर पाखरं अशी बसली होती की पानं कुठली आणि पंख कुठले कळू नये. वळू एका उंचवट्यावर बसून रवंथ करत होता. तो उठला नाही. कोतवाल त्याच्या शिंगावर बसून जे काय ते बोलत होता.

करवंदीची पहिली तीन करडं एकामागून एक पळाली. बरी पळाली. झाडांवर थोडी चुळबूळ झाली, एक बगळा उडून दुसऱ्या फांदीवर गेला. मग भिंगरी सुटली.

भिंगरी पळाली ते करवंदीच्या टेकडीवरच्या कुणी आधी बघितलं नव्हतं. मुरमाच्या टेकडीवर तिच्या खुराखालून खडी निसटे, त्यामुळे तिची निम्मी ताकद तोल सांभाळण्यात जाई. इथे खाली गवत होतं. खाली काही निसटत नाही हे मध्यावर तिच्या लक्षात आलं, आणि मग ती जी गेली, ती झाडांवरची सगळी पाखरं एकदम उठून पुन्हा बसली. कारभारी एडक्याचे डोळे भरून आले. तो खरोखर रडला.

वळूने रवंथ थांबवला. “हे चौथं करडू तुमचंच?” त्याने विचारलं.

रीतीप्रमाणे उत्तर सोपं होतं. त्या दिवसापुरतं ते करवंदीचंच होतं. कारभाऱ्याने काबरीकडे बघितलं. भिंगरीनेही काबरीकडे बघितलं, धापा टाकत, खूश होऊन, शाबासकीची वाट बघत.

“आमचंच,” काबरी म्हणाली.

“नाव?”

मैदानावर वारा होता. त्या वाऱ्यातही काबरीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “ठिपकी,” ती म्हणाली.

भिंगरीचे कान हलले. ती काही बोलली नाही. त्या दिवसापुरती ती त्यांची होती, आणि आपल्यांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही हे तिला आईने शिकवलं होतं.

परत येताना ती काबरीच्या मागून चालत होती. बरंच चालल्यावर म्हणाली, “मावशी, तुम्ही आता तिकडेच पळणार का? मेळात नाही?”

“बघू.”

“मी आईला काय सांगू?”

“सांग की छान पळालीस.”

“ते तर ती मला विचारणारच नाही,” भिंगरी म्हणाली. “उसनं देऊन आलं की विचारत नाहीत.” आणि खिंडीपाशी आल्यावर ती आपल्या वाटेने वळली. या वेळी फेरी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी करवंदीच्या टेकडीवर सगळ्यांना बोलावलं. कारभाऱ्याने सांगितलं, की टेकडीचं भाग्य उजळलं, आपण मोठ्या मैदानावर जातो आहोत. टाळ्यांसारखा खुरांचा आवाज झाला. मग त्याने सांगितलं, की बेडकांची उडी, खारींचं चढणं, खेकड्यांची ओढ, कोकरांच्या टकरा आणि बांधावरची उडी आता राहणार नाही. आवाज थांबला.

“म्हणजे आम्ही कुरणाच्या बाहेर?” एका खारीने विचारलं.

“तात्पुरते,” कारभारी म्हणाला.

“मरणही तात्पुरतंच असतं म्हणा, पुढचा जन्म येईपर्यंत,” खेकडा म्हणाला. कुणी हसलं नाही. तो पुढे म्हणाला, “माझं काय जातंय. मी कधी गवत खाल्लं नाही. पण मुरमाच्या टेकडीचं काय? थोरली गेली, आता आपण गेलो. उरल्या तीन. त्यांच्याकडे पाखरू तरी फिरकेल का? आपण त्यांचंच करडू पळवून…”

“त्यांनी उसनं दिलं होतं,” कारभारी घाईने म्हणाला. “रीत आहे ती.”

“हो हो. रीतच आहे,” खेकडा म्हणाला, आणि आपल्या तिरक्या चालीने ओहोळाकडे निघून गेला.

मग ज्यांना जायचं त्यांनी खूर उचलावा असं ठरलं. ज्यांची पिल्लं पळणारी होती त्यांनी आधी उचलला. काबरीने उचलला तेव्हा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या शेळीने, जिचं करडू ठिपकीबरोबर बांधावरून उड्या घ्यायचं, तिच्याकडे बघितलं आणि जराशी बाजूला सरकली. जागा करून द्यावी तशी.

त्यानंतर काही दिवसांनी एक होला मुरमाच्या टेकडीवरून ढवळीचा निरोप घेऊन आला. काबरीला वाटलं, आता आलं. तिने ठिपकीला मागे घेतलं आणि होल्यापुढे मान खाली घालून उभी राहिली.

“ढवळीने विचारलंय,” होला म्हणाला, “ठिपकीला शेंगा आवडल्या का? आणखी हव्या तर सांग म्हणाली.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

काबरीने काही उत्तर पाठवलं नाही. शिव्या आल्या असत्या तर तिला काही तरी पाठवता आलं असतं.

मोठ्या मैदानाची वाट लांबची होती. टेकडी उतरायची, माळ ओलांडायचा, नदीच्या कडेकडेने जायचं, आणि पोचल्यावर एका दमात पळणं संपायचं. लगेच मागे फिरायचं, कारण परतायची वाटही तेवढीच. ठिपकी बहुतेक दिवस चालतच असे, घरच्या कुरणात चरायला दिवस उरत नसे. शिकायचं राहून गेलं. कोणता पाला हुंगून सोडायचा हे तिला नीट येत नव्हतं, वाटेत काहीही खाई आणि पोट धरून बसे.

ती शेवटची येई. भिंगरीच्या पळण्यावर ज्या नावाची वाहवा झाली, त्या नावाने ती सुटायची, आणि पाखरं थोडा वेळ माना लांब करून बघायची. मग एक बगळा दुसऱ्याला म्हणायचा, “हीच का ती?” आणि ते उडून थोरल्या टेकडीची करडं पळत त्या बाजूच्या झाडांवर जात. हे ठिपकीला ऐकू येई. नदीचं गवत होतं, पण ते पुढे येणाऱ्यांचं. मागच्यांनी कडेचं खायचं. कडेला लव्हाळा होता.

एकदा करवंदीच्या एका करडाच्या खुरात काटा मोडला. सवयीने कारभारी शेजारच्या कळपाकडे गेला आणि म्हणाला, “एक करडू उसनं द्याल का?”

तिकडचा बोकड समजला नाही. त्याने आणखी दोघांना बोलावलं. “उसनं म्हणजे?”

“म्हणजे आजच्या दिवस ते आमचं. आमच्याकडून पळेल.”

“तुमच्याविरुद्ध पळणारं आमचं करडू तुमच्याकडून पळणार? आणि आम्हाला काय?”

“काही नाही.”

आधी बोकड हसला, मग ते दोघे. हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना खरंच गंमत वाटली. “आणि असं देणारं कुणी भेटतं तुम्हाला?” बोकड म्हणाला. “कोण आहेत हो ते येडे?”

करवंदीची सगळी करडं तिथे उभी होती. ठिपकी काबरीकडे बघत होती. काबरीने गवतात काही तरी शोधत असल्यासारखी मान घातली. तिथे गवत नव्हतं.

त्या दिवशी परतताना ठिपकी वाटेत बसली. तिच्या फासळ्या पुन्हा दिसू लागल्या होत्या. काबरी तिच्याभोवती फिरत होती, चाटत होती, ऊठ म्हणत होती. वाटेत एक लहानसा बांध होता, पूर्वी ठिपकीने तो खेळता खेळता ओलांडला असता. आता ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “आपण त्याला वळसा घालून जाऊ या का?”

मग ती म्हणाली, “आई, मी पळते तेव्हा मला वाटतं मी कुणाच्या तरी अंगावरची लोकर ओढून घेतलीय. भिंगरीला माहीत आहे का, तिथे तिच्यासारखं पळायला मला जमत नाही?”

“झोप,” काबरी म्हणाली. पण दिवस डोक्यावर होता. मग तिने ठिपकीला उठवलं आणि टेकडीची वाट सोडून खिंडीच्या वाटेला लावलं. ढवळीपुढे जायचं, काय झालं ते आपल्या तोंडाने सांगायचं, आणि ती जे म्हणेल ते ऐकायचं. एवढंच तिने ठरवलं. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. एकही वाक्य खिंडीपर्यंत टिकलं नाही.

उन्हाळा ऐन भरात होता. खिंडीतून मधलं पठार पूर्ण दिसतं. उरलेल्या तीन टेकड्यांचा मेळ चालू होता. कडेच्या झाडांवर पाखरू नव्हतं. पठार तांबडं पडलं होतं. गवत मुळापर्यंत खाल्लेलं, आणि काही ठिकाणी मुळंही उकरलेली. हिवराच्या शेंगा कधीच संपल्या असाव्यात, कारण झाडांच्या साली तोंड पोचेल तिथवर सोललेल्या होत्या. पिल्लं पळत होती, पण मधूनमधून थांबत, आणि थांबली की लगेच जमीन हुंगत. ढवळी कडेला उभी होती. काबरीने तिला आधी ओळखलं नाही. तिची पाठ वाकलेल्या फांदीसारखी झाली होती.

पठारावर धावायच्या पट्ट्या टेकडीगणिक ठरलेल्या होत्या. खुरांनी तुडवून तुडवून दगडासारख्या झालेल्या; थोरलीने सोडलेली पट्टीही इतरांनी घेतलेली. त्यात कडेची, ओहोळाच्या बाजूच्या ओलाव्याची, एकच पट्टी वेगळी होती. ती हिरवी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, गुडघ्याएवढं गवत, वाऱ्याने एका अंगाला कललेलं. इतक्या तांबड्या जमिनीवर ती अशी दिसत होती की काबरीला आधी पाणीच वाटलं.

एक लहान कोकरू खेळता खेळता तिकडे गेलं आणि त्याने मान लांब केली.

“ए!” ढवळी म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. “मागे हो. ती करवंदीची पट्टी आहे.”

“पण ते आलेत कुठे?” कोकरू म्हणालं.

ढवळी हळूहळू चालत गेली आणि कोकराच्या आणि गवताच्या मध्ये उभी राहिली. भिंगरी पळत त्या टोकापर्यंत आली, वळली, आणि गवताला पाय लागू नये म्हणून लांबून गेली.

“आई, गवत,” ठिपकी म्हणाली आणि पुढे निघाली. काबरीने तिचा कान दातांत धरला. जोरात धरला. पोर कळवळली तरी सोडला नाही. दोघी खिंडीतल्या दगडाच्या आड झाल्या. काबरीचे पाय पुढेही जाईनात आणि मागेही.

वरून साळुंक्यांची एक जोडी करवंदीच्या टेकडीकडे निघाली होती. काबरीने ठिपकीचा कान सोडला आणि दबक्या आवाजात त्यांना हाक मारली.

“अगं बायांनो, करवंदीवर जाताय ना? एक सांगाल?”

“सांगू की. कुणाला?”

“कारभाऱ्यांना. खेकड्याला. सगळ्यांनाच. आपल्या पट्टीत गवत वाढलंय म्हणावं. गुडघ्याएवढं. कुणी तोंड लावलेलं नाही, ढवळी ते राखून उभी आहे.”

“आणि?”

“आणि काही नाही. ज्यांना सांगाल त्यांना म्हणावं, पुढे सांगा.”